सायकलचा खांदा

उंबरझिरा, ता. चोपडा
११ जानेवारी १९८८

तीर्थरूप तोताराममामांना प्रमिलाचा नमस्कार.

आईच्या पत्रात तुमचा टोमणा पोचला. पोरगी नर्स झाली, सातपुड्यात गेली आणि मामाला विसरली म्हणे. विसरले नाही. आता काम पडलं म्हणून लिहितेय असं म्हणाल, तर तेही खरं आहे.

मामा, मला सायकल हवी आहे. नेहमीची नको. डोंगरावरून खाली उतरणारी हवी.

आमचं उंबरझिरा डोंगराच्या माथ्यावर. दर गुरुवारी सकाळी साडेआठला आरोग्य केंद्राची जीप येते, लशीचा डबा माझ्या हातात देते आणि परत जाते. डब्यात बर्फाच्या पिशव्या असतात. बर्फ आहे तोवर लस जिवंत. बर्फाचं पाणी झालं की लस मेली, ती ओतून द्यायची. वरून खाली बैलगाडीची वाट जाते. वाटेत आधी बोरपाडा, मग हिवरपाडा, शेवटी खडकीपाडा. बारा किलोमीटर, सगळा उतार. जीप त्या वाटेला जात नाही. मी पायी जाते. दोन पाड्यांवरची पोरं पकडून आणून टोचेपर्यंत एक वाजतो. खडकीपाड्यात पोचते तेव्हा तीन वाजलेले असतात आणि डब्यात कोमट पाणी.

आजवर चारदा तिथे गेले आणि चारही वेळा त्या बायकांच्या डोळ्यांदेखत लस मातीत ओतली. गेल्या उन्हाळ्यात त्या एका पाड्यावर गोवराने पाच लेकरं गेली आहेत. त्यात रुपसिंगची थोरली मुलगी होती. हा रुपसिंग बरीच वर्षं खाली बागायतात सालदार होता, त्यामुळे आपली बोली चांगली बोलतो. परवा मला म्हणाला, "बाई, आमना पाडाले येता येताच औषध कसं मरी जास?" त्याची धाकटी रुपली आता दहा महिन्यांची आहे.

आरोग्य केंद्राचे साहेब म्हणतात, खडकीपाड्याच्या बायांनी पोरं घेऊन वर यावं. बारा किलोमीटर चढून कोण येईल? मी साहेबांना सांगून आले की पुढच्या उन्हाळ्याआधी मी बर्फासकट तिथे पोचून दाखवते. आता माझा शब्द तुमच्या हातात आहे.

तुमची,
प्रमिला


धुळे
२० जानेवारी १९८८

चि. प्रमिलास आशीर्वाद.

शब्द तू द्यायचा आणि पाळायचा मामाने, हे बरं आहे. अक्कानेही लहानपणी माझ्याशी असंच केलं. आईवर गेलीस.

सायकल मिळणार नाही. आग्रा रोडला तीस वर्षं दुकान आहे माझं. चालवून मोडलेल्या सायकली पाहिल्या, उतरवून मोडलेल्याही पाहिल्या. उतारावर सगळं वजन पुढे येतं. माणसाचं, सामानाचं, सायकलचं स्वतःचं. ते सगळं एका जागी बसतं, हँडलखाली जिथे दोन दांड्या मानेला जोडलेल्या असतात तिथे. बाजारातली सायकल तिथेच तुटते आणि तुटायच्या आधी सांगत नाही. लेडीज सायकलला तर वरची दांडीच नसते, ती मान हलवतच खाली येईल. मला भाची एकच आहे.

उगाच माहिती म्हणून विचारतो. उतार किती आहे? म्हणजे दहा हात चालल्यावर किती खाली जातो? वाटेत दगड किती मोठे? वळणं कुठे? डोंगर डाव्या हाताला की उजव्या? डब्याचं वजन काय? आणि पातळ नेसून तू दांडीवरून पाय कसा टाकणार?

विचारलं म्हणजे करणार असं समजू नकोस.

तुझा मामा,
तोताराम


उंबरझिरा
२ फेब्रुवारी १९८८

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही करणार आहात हे मला 'उगाच' या शब्दावरूनच कळलं.

उतार मोजला. शाळेचे झुलाल गुरुजी बरोबर आले. दहा हातांचा बांबू घेतला, त्यावर सलाईनची बाटली अर्धी पाण्याने भरून आडवी बांधली, पाणी समपातळीत आलं की दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजायचं. बोरपाड्यापर्यंत दहा हातांमागे एक हात. हिवरपाड्यानंतर दीड. नाल्याच्या वळणावर अडीच हात, तिथे मी उतरून हातात धरून नेईन. दगड नारळाएवढे, ते बाजूला करायला पाड्यावरची माणसं तयार आहेत. डोंगर सगळ्या वाटेला डाव्या हाताला, दरी उजवीकडे. डबा भरून पाच किलो. आत काचेच्या बाटल्या असतात, त्या हिंदकळून फुटता कामा नयेत.

पातळाचं म्हणाल तर कासोटा घालीन. शेतातल्या बाया घालतात, मी का नको? साहेबांना आवडणार नाही. त्यांना एक दिवस माझ्याबरोबर पायी चालायला बोलावलंय, अजून आले नाहीत.

तुम्ही नाही म्हणालात तर चोपड्याच्या दुकानातून लेडीज सायकल घेईन आणि तिनेच उतरेन. धमकी समजा हवी तर.

प्रमिला


धुळे
१९ मार्च १९८८

चि. प्रमिलास आशीर्वाद.

सायकल उद्याच्या चोपडा गाडीच्या टपावर येते आहे. कंडक्टर ओळखीचा आहे. उतरवून घेताना हँडलला धरू नका, दांडीला धरा.

आता नीट वाच, मग पुन्हा वाच, मग गुरुजींना वाचायला दे.

जुन्या दूधवाल्याच्या सायकलची फ्रेम घेऊन कापली. हँडलची नळी मागे झुकवली, त्यामुळे पुढचं चाक चार बोटं आणखी पुढे गेलं. सपाटीवर सायकल सुस्त वाटेल, वळायला कुरकुरेल. उतारावर मात्र तुला डोक्यावरून फेकणार नाही. वरच्या दांडीऐवजी दोन बारीक दांड्या घातल्या, खाली आणून, म्हणजे तुझा पाय जाईल. मानेच्या जोडाला वितळलेल्या पितळेची झाळ दुहेरी केली आहे. कॅरियरवर ट्यूबच्या पट्ट्यांचा झोळा विणला आहे, डबा त्यात बसवायचा, लोखंडाला टेकू द्यायचा नाही. हे विणकाम दुकानातल्या आपल्या कौतिकचं. तो म्हणतो, यात तान्हं मूलसुद्धा झोपेल.

मानेला रंग दिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम. रंगाखाली चीर लपते. उघडं लोखंड गंजेल, म्हणून तिथे दर आठवड्याला तेलाचा हात फिरवायचा. महिन्यातून एकदा मान रॉकेलने पुसायची, फडक्याने कोरडी ठणठणीत करायची, वर पांढऱ्या खडूची पूड चोळायची आणि अर्धा तास थांबायचं. चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली की सायकल जागेवरून हलवायची नाही. शाळा शेजारी आहे, खडू मागून घे.

ब्रेकचे रबर बाजारचे नाहीत. ट्रकच्या टायरचे कापून बसवले आहेत. मागचा आधी, मग पुढचा. दाबून धरायचा नाही, धर आणि सोड, धर आणि सोड. रिम तापली की ब्रेक ऐकत नाही. वाट ओली असेल तर पायी जा.

आणि काहीच थांबलं नाही तर डावीकडे, डोंगराच्या अंगावर घाल. सायकल मोडेल. मोडू दे.

लळिंगच्या घाटात मी स्वतः उतरून पाहिली आहे. छान येते.

तुझा मामा


उंबरझिरा
२५ मार्च १९८८

ती. मामांना नमस्कार.

काल, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी मी खडकीपाड्यात होते. डबा उघडला. बर्फ होता. कडांनी पाझरला होता, पण मधला खडा हाताला चटका देण्याइतका गार होता. मी तो रुपसिंगच्या तळहातावर ठेवला. त्याने तो बायकोच्या, गुंताबाईच्या हातावर दिला, तिने सासूच्या. सगळा पाडा बर्फ हातात धरून बघत होता आणि मला घाई होती. शेवटी रागावून परत घेतला.

एकोणीस लेकरं टोचली. रुपली सगळ्यात मोठ्यांदा रडली. तिचं रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

उतरताना भीती वाटली हे तुम्हाला खरं सांगते. पहिल्या वळणापासून तुमचं 'धर आणि सोड' तोंडाने म्हणत आले. बोरपाड्याची पोरं मागे पळत तेच ओरडत होती, आता तिथे मला धरसोडबाई म्हणतात.

संध्याकाळी खालच्या सडकेवरून वर येणारी दिवसातली एकच बस मिळते, सायकल टपावर टाकून वर आले. बाटल्या सगळ्या शाबूत. कौतिकभाऊंना सांगा, झोळा पास.

प्रमिला


उंबरझिरा
४ जुलै १९८८

ती. मामा, हे कार्ड घाईत.

चौथ्यांदा खडू लावला, कोरडा. मागच्या चाकाच्या दोन तारा ढिल्या होत्या, तुम्ही दिलेल्या किल्लीने ओढल्या. चाक आता डुलत नाही. यावल बाजूच्या दोन गावांत गोवर निघाला आहे असं ऐकलं. आमच्याकडे अजून नाही. पाऊस असेल त्या गुरुवारी पायी जाते, त्या दिवशी खडकीपाडा राहून जातो, ते मनाला लागतं.

प्रमिला


उंबरझिरा
१९ सप्टेंबर १९८८

ती. तोताराममामांना नमस्कार.

गुरुवारी वाट कोरडी होती म्हणून सायकल काढली. बोरपाड्याच्या अलीकडे ब्रेकने धरलं नाही. दोन्ही दाबले, काही उपयोग झाला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डाव्या हाताला डोंगरावर घातली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला आहे, चाकाचं आठ झालं आहे. डब्यातल्या बाटल्या फुटल्या नाहीत. मला किरकोळ खरचटलं. काळजीचं कारण नाही.

चिमटा इथे सरळ करता येईल का, ते कळवा.

प्रमिला


धुळे
२४ सप्टेंबर १९८८

प्रमिला,

हे अक्षर तुझं नाही. तुझं 'ळ' मला ठाऊक आहे, अक्काचंच आहे ते. हे गुरुजींचं अक्षर आहे. म्हणजे तुला लिहिता येत नाही. कोणता हात मोडला?

आता माझं ऐक. लळिंगला सायकल छान आली असं मी लिहिलं होतं. खोटं लिहिलं. पहिल्या वेळी बाजारचे रबर होते, ते घसरले आणि मी नालीत पडलो. कौतिकने मला उचलून आणलं, गुडघा महिनाभर सुजला होता. मग मी ट्रकच्या टायरचे रबर कापून लावले आणि दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा थांबले. एकदाच थांबले आणि तेवढ्यावर विसंबून तुला डोंगरावर पाठवली. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस असं वाटलं. खरं म्हणजे माझं मिस्त्रीपण उणं पडेल याची मला लाज वाटली.

चूक माझ्या रबरांची आहे. सायकल पहिल्या गाडीने परत पाठव. दुसरी मिळणार नाही. अक्काला मी काय तोंड दाखवू? लस पोचवायला सरकारने रस्ता करावा, ते काम माझ्या भाचीच्या हाडांचं नाही.

तोताराम


उंबरझिरा
५ ऑक्टोबर १९८८

ती. मामांना नमस्कार.

डाव्या हाताने लिहितेय, वाचता येईल तेवढं वाचा. उजवं मनगट मोडलं आहे, चोपड्याला प्लास्टर घातलं. आईला कळवू नका.

सायकल परत पाठवणार नाही.

तुम्ही लळिंगला पडलात ते लपवलं, मी इथे पडले ते लपवलं. फिटलं. आता पुढचं बोलू.

परवा गुरुजींना बसवून मानेला खडू लावला. रॉकेलने पुसली, कोरडी केली, अर्धा तास नाही, पाऊण तास थांबलो. रेघ आली नाही, मामा. चिमटा वाकला, चाक गेलं, मी उडून पडले आणि तुमचा जोड जागचा हलला नाही. लोखंड तुमच्यावर रुसलेलं नाही, तुम्हीच रुसलात.

गेल्या गुरुवारी गळ्यात हात अडकवून पायी गेले. हिवरपाड्याच्या पुढे बर्फ संपला. खडकीपाड्यात डबा उघडून दाखवला आणि पुन्हा लस ओतली. यंदा जन्मलेली सात बाळं तिथे आहेत, त्यांना अजून काहीच टोचलेलं नाही. गोवर आता हिवाळ्यानंतर येईल. तोवर माझा हात बरा होतो आणि तोवर सायकल उभी राहिली पाहिजे.

चिमटा, चाक आणि चारही ब्रेकचे रबर पोत्यात बांधून गाडीने पाठवले आहेत. रबरांत काय चुकलं ते शोधून काढा. रागावून घरी बसणं तुम्हाला शोभत नाही.

प्रमिला


धुळे
१४ ऑक्टोबर १९८८

चि. प्रमिलास आशीर्वाद.

डाव्या हातानेसुद्धा तू उजव्यासारखीच भांडतेस.

पोतं उघडलं. रबर झिजलेले नाहीत, फाटलेले नाहीत. बोट लावलं तर बुळबुळीत. चाकाची रिम पुसली तर फडकं पिवळट झालं. प्रमिला, रिमला तेल आहे. सगळीकडे, दोन्ही कडांना, कुणीतरी बसून प्रेमाने लावल्यासारखं. तेल लावलेल्या रिमवर जगातला कोणताही रबर धरत नाही. तारांनाही तेल, हँडललाही तेल.

आता सांग, हे तू केलंस? मी मानेला तेल लाव म्हणालो होतो, तू उत्साहाने सगळ्या सायकलला न्हाऊ घातलंस का? एवढं लिहून शिकवलं त्याचं हेच का फळ?

पण एक गोष्ट अडते. हे मशीनचं तेल नाही. शेंगदाण्याचं नाही, करडईचं नाही, एरंडाचं नाही. मी, कौतिक आणि शेजारचा किराणावाला, तिघांनी वास घेतला. कुणालाच ओळखता आलं नाही. एक रबर पाकिटात घालून परत पाठवतो. वास घेऊन बघ.

तोताराम


उंबरझिरा
२६ ऑक्टोबर १९८८

ती. मामांना नमस्कार.

पाकीट उघडल्याबरोबर ओळखलं. मोहाचं तेल. मोहाच्या बिया, टोळ्या, गाळून इथे घरोघर काढतात, दिव्याला आणि भाजीला तेच, बाळंतिणीला आणि लेकराला चोळायलाही तेच. मला त्या वासाची इतकी सवय झाली आहे की सायकलला येत होता ते जाणवलंच नाही.

त्यानंतर आठवलं. पोळ्याच्या आदल्या गुरुवारी मी खडकीपाड्यात एका बाळंतिणीपाशी अडकले होते. दुपारभर सायकल रुपसिंगच्या दारात होती. बाहेर आले तेव्हा चकचकीत दिसली. मला वाटलं, बिचाऱ्याने पुसून ठेवली. तशीच बसच्या टपावर टाकली. तिच्यावर बसले ती थेट पुढच्या गुरुवारी, वरून.

काल खडकीपाड्याला जाऊन त्याला विचारलं. रागात गेले होते, खोटं सांगत नाही. तो लगेच म्हणाला, "हां बाई, मीच लावं." चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघत असल्यासारखं हसू. मी विचारलं, का? तर म्हणाला, "खाले बागायतमा पोळाना आदला दिन बैलना खांदा चोळतस ना? वरीसभर वझं वाहस म्हणीसन. मंग हाई सायकल बी आमनं वझं वाहस. तिले कोन चोळी?" खांदमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी असते, पण सायकल गुरुवारीच येते म्हणून त्याने गुरुवारीच उरकली. घरात दिवाळीपर्यंत पुरवायला ठेवलेलं तेल होतं, ते सगळं लावलं. गुंताबाईनेही हात लावला.

मी म्हटलं, पण चाकाला कशाला लावलंस? त्यावर तो म्हणाला, "बैलना खांदा दिखस. हिना खांदा कोठे शे ते माले सापडना नही. म्हणीसन दांड्या, चाकं, बठ्ठीच चोळी."

मामा, मी तिथे खाटेवर बसले. माझा प्रश्न आणि गळ्यातला हात जोडून, मी कशी पडले ते त्याला आपोआप कळलं. मी काहीही सांगितलं नव्हतं. तो उठला आणि रानात निघून गेला.

आज सकाळी, गुरुवार नसताना, तो माझ्या दारात उभा आहे. बरोबर आलेली गुंताबाई सांगते, कालपासून जेवला नाही. तो म्हणतो, तुमचा हात बरा होईपर्यंत डबा मी पळत नेतो, तुम्ही मागून या. त्याला लस टोचता येत नाही आणि मला पळता येत नाही. पण तो जागचा हलत नाही.

त्याला काय सांगू ते मला सुचत नाही. तुम्ही मिस्त्री आहात. तुम्हीच सांगा.

प्रमिला


धुळे
८ नोव्हेंबर १९८८

श्री. रुपसिंगभाऊंना धुळ्याच्या तोताराम मिस्त्रीचा रामराम. हे पत्र गुरुजींनी तुम्हाला वाचून दाखवावं, आणि दाखवताना हळू वाचावं.

भाऊ, तुमची चूक नाही. मी तीस वर्षं सायकली जोडतो, त्यांना तेल देतो, पण वर्षभर राबली म्हणून कुठल्या सायकलचा खांदा चोळावा हे माझ्या मनात कधी आलं नाही. दसऱ्याला हार घालतो तेवढाच. तुम्ही माझ्यापेक्षा पुढे गेलात. चूक माझी. मी भाचीला लांबलचक पत्र लिहून मानेला तेल लाव म्हणून सांगितलं, पण कुठे लावू नये ते एका ओळीनेही लिहिलं नाही. मला वाटलं, ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

तर आता सांगतो. सायकलला खांदा असतो. हँडलच्या खाली, दोन दांड्या जिथे मानेला मिळतात, तिथे. उतारावर बाईचं, डब्याचं, सगळं वजन तिथेच येतं, जसं बैलाचं जुवाखाली येतं. तो जोड मी उघडा ठेवला आहे, रंग दिलेला नाही. त्याला तेल लागतं, नाही मिळालं तर गंजतो. नवा चिमटा आणि दोन्ही नवी चाकं आजच्या गाडीने पाठवतो आहे, कौतिक बरोबर येऊन बसवून देईल. तो त्या जोडाच्या वर आणि खाली लाल रंगाचं एकेक कडं मारेल. दोन लाल कड्यांच्या मधे जो भाग, तो खांदा. तिथे पोळ्याला चोळा, दिवाळीला चोळा, मन होईल तेव्हा चोळा. मोहाचं तेल चालेल. कड्यांच्या बाहेर मात्र तेलाचा थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचा नाही. ही राखण आजपासून तुमच्याकडे. मिस्त्री धुळ्यात आहे, तिथे तुम्हीच मिस्त्री.

मागच्या चाकाला यावेळी मोपेडचा ब्रेक बसवला आहे. तो चाकाच्या पोटात बंद असतो. कुणी प्रेमात येऊन बाहेरून काही केलं तरी धरेल.

आता जेवून घ्या.

तोताराम

ता. क. प्रमिला, प्लास्टर निघाल्यावर पहिले दोन गुरुवार रिकामा झोळा घेऊन उतर. आणि अक्काला मी सांगून टाकलं आहे. मला शिव्या दिल्या, मग तुझ्यासाठी लाडू दिले, कौतिकबरोबर पाठवतो.


उंबरझिरा
४ सप्टेंबर १९८९

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पोळ्याला इथे येऊन तुम्ही सुखरूप परत पोचल्याचं कार्ड मिळालं. गुडघ्याला शेक देत जा. बारा किलोमीटर पायी उतरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? बस होती. पण सायकलच्या मागे चालत, प्रत्येक वळणावर 'धर, सोड' ओरडणारा मामा बोरपाड्याच्या पोरांना फार आवडला. ती विचारतात, धरसोडबाबा परत कधी येणार?

या उन्हाळ्यात हिवरपाड्याच्या पलीकडच्या खोऱ्यात गोवर येऊन गेला, ते तुम्हाला बोलले होतेच. खडकीपाड्यात एकाही लेकराला निघाला नाही. साहेबांनी काल रजिस्टर पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि विचारलं की तिथे बर्फ कसा पोचतो. मी सायकल दाखवली. त्यांनी मानेवर बोट ठेवलं, तर सायकल पोचवायला आलेला रुपसिंग पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, बोट पुशीसन लावा. खांदा शे तो."

आता तुमच्यासाठी काम. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि रुपसिंगने मिळून खांदा चोळला, ते तुम्ही पाहिलं. तुम्ही गेल्यावर काय झालं ते नाही पाहिलं. दुसऱ्या दिवशी बैलांच्या मागे सायकल मिरवली, रुपली झोळ्यात बसली होती, आणि मग पाड्यावरच्या प्रत्येक घराने येऊन बोटभर तेल लावलं. रुपसिंग समोर उभा राहून एकेकाचं बोट तपासत होता. एक थेंब बाहेर गेला नाही.

पण मामा, चोळून चोळून तुमची दोन्ही लाल कडी पुसत आली आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे रंग आहे, मी मारते. रुपसिंग नाही म्हणतो. ज्याने खांदा दाखवला त्यानेच खूण करायची, असं त्याचं म्हणणं आहे.

तेव्हा डबीभर लाल रंग घेऊन दिवाळीआधी या. यावेळी बसने.

तुमची,
प्रमिला